रिंगा गाडीच्या नावाने नव्हे, मापाने मागा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मारुती एस्टीम आणि जिप्सी किंग यांचे जी13 मालिकेचे इंजिन रॅलीसाठी तयार करणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. अशा इंजिनात फोर्ज्ड (दाबून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन बसवलेले असतात, बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास वाढवलेला असतो, काहींवर जादा हवा दाबून भरणारा टर्बोही असतो. वर्ष-दोन वर्षांनी ते तेल खाऊ लागते, निळा धूर टाकते आणि मालक पुण्याच्या नाना पेठेत जाऊन ‘एस्टीमचा रिंग सेट द्या’, म्हणजे पिस्टनच्या खाचांत बसणाऱ्या तीन रिंगांचा संच द्या, म्हणतो. चूक तिथेच होते, आणि ती महागात पडते. म्हणून हे पत्र.

मूळ इंजिनाचा बोअर 74 मि.मी. आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 75.5 मि.मी., म्हणजे 1298 सीसी. बोअर 74.5 केला की 1316 सीसी होतात. एस्टीमची रिंग मात्र कंपनीच्या मूळ पिस्टनच्या खाचेसाठी बनलेली असते. फोर्ज्ड पिस्टनच्या खाचांची उंची आणि खोली वेगळी असते. जपानी मापाच्या पिस्टनांवर 1.0, 1.2 आणि 2.8 मि.मी. जाडीच्या रिंगांचा संच नेहमी आढळतो. तेव्हा दुकानात सांगायची मापे तीन: बोअर, प्रत्येक रिंगची जाडी आणि रिंगची आतून बाहेरपर्यंतची रुंदी. चौथी गोष्ट म्हणजे वरच्या रिंगचा मुलामा, क्रोमचा की मॉलिब्डेनमचा.

जाडी व्हर्नियरने मोजू नका. खाचेत रिंगला वर-खाली मिळणारी मोकळीक जेमतेम 0.03 ते 0.07 मि.मी. असते आणि व्हर्नियर 0.02 ची चूक सहज करतो. रिंगसाठी मायक्रोमीटर आणि खाचेतल्या मोकळिकीसाठी फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) वापरा. मोकळीक जास्त झाली की वरच्या आरपीएमला रिंग फडफडते आणि खाचेची कड ठोकून खराब करते. रुंदी तपासणे सोपे आहे: रिंग खाचेत पूर्ण दाबली की ती पिस्टनच्या कडेच्या आत गेली पाहिजे. जराशी जरी बाहेर राहिली तरी इंजिन जाम होणार.

बोअरच्या बाबतीत दोन जुगाड सर्रास चालतात आणि दोन्ही वाईट आहेत. पहिला, 74.5 च्या बोअरमध्ये 74 ची रिंग. व्यास अर्धा मि.मी. वाढला की परीघ 1.57 मि.मी. वाढतो आणि तेवढीच गॅप, म्हणजे रिंगच्या दोन टोकांमधली फट, जास्त उघडते. 0.30 हवी तिथे 1.87 पडते. दुसरा, 75 ची रिंग टोकांना घासून 74.5 मध्ये बसवणे. यात गॅप बरोबर येते म्हणून लोक फसतात. पण रिंग मोकळी असताना गोल नसते. ठरावीक व्यासात दाबल्यावरच ती गोल होईल असा तिचा आकार घडवलेला असतो. टोके दीड मि.मी. कापली की ती भिंतीला सगळीकडे सारखी टेकत नाही. मुद्दाम घासण्यासाठीच 0.13 मि.मी. मोठ्या केलेल्या रिंगा मिळतात, त्यात 0.4 मि.मी. घासायला जागा असते. त्या घ्याव्यात.

गॅपचा हिशेब असा. टर्बो नसेल तर वरच्या रिंगला बोअरच्या 0.004 पट, म्हणजे 74.5 ला 0.30 मि.मी. टर्बोला 0.006 पट, साधारण 0.45. पिस्टन बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच अंतिम. दुसऱ्या रिंगची गॅप वरच्यापेक्षा 0.05 ते 0.10 जास्त ठेवा, नाहीतर दोन रिंगांमध्ये दाब कोंडतो आणि वरची रिंग उचलली जाते. शंका असेल तर गॅप थोडी मोठीच बरी. मोठ्या गॅपने जरासे कॉम्प्रेशन जाते. लहान गॅपने रिंगची टोके उष्णतेने एकमेकांना भिडतात, फुगायला जागा न उरल्याने रिंग भिंत ओरबाडते आणि पिस्टनची कड तुटते. घासताना एकच टोक घासा, तेही बाहेरून आत, म्हणजे मुलाम्याचा टवका उडत नाही. गॅप मोजताना रिंग उलट्या पिस्टनने बोअरमध्ये साधारण 25 मि.मी. खाली सरळ ढकला.

होनिंग, म्हणजे बोअरच्या भिंतीवर दगडाने बारीक रेघा पाडणे, मुलाम्याला जुळणारे हवे: क्रोमला 220 ते 280 ग्रिटचा दगड (आकडा मोठा तितका दगड बारीक), मॉलिब्डेनमला त्याहून बारीक, 400 पर्यंत. या इंजिनाचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा आणि लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) बिडाचे. हेडचे बोल्ट कसले की बोअर किंचित वाकतो. म्हणून होनिंग टॉर्क प्लेट (हेडच्या जागी बोल्टने कसायची जाड प्लेट) लावूनच करून घ्या. एवढे करून बोअर नुसता पेट्रोलने पुसला तर होनिंगची पूड रेघांतच राहते आणि नव्या रिंगा थोड्याच दिवसांत झिजतात. गरम पाणी, साबण आणि ब्रश, मग पांढरे फडके काळे होईनासे होईपर्यंत तेलाने पुसणे.

पिस्टनचा खोका फेकू नका, रिंग सेटचा क्रमांक त्यावर असतो. परदेशातून पिस्टन मागवतानाच एका सिलिंडरचा जादा सेट घ्या. बसवताना एक रिंग मोडली तर सुटी सहसा कोणी देत नाही, आणि एका रिंगेसाठी कुरिअर व सीमाशुल्क भरत महिनाभर इंजिन उघडे पडते.

रिंग बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांना आमची विनंती आहे: खोक्यावर गाडीच्या नावाशेजारी तिन्ही रिंगांची जाडी, रुंदी आणि मुलामा छापा, आणि एका सिलिंडरचा सेट सुटा विका.

आपले,
इंजिन रिबोअरिंग व्यवसायातील काही वाचक, पुणे