मर्यादा उमेदवाराला, मग पक्षाला का नाही?

महोदय,

निवडणूक खर्चावर लक्ष ठेवणाऱ्या पथकात मी दोनदा काम केले आहे. सभा सुटण्याआधी खुर्च्या मोजायच्या, मंडपाचे माप घ्यायचे, कर्णे किती, फलक किती, गाड्या किती याचे चित्रीकरण करायचे आणि ठरलेल्या दरपत्रकाप्रमाणे रक्कम छाया नोंदवहीत, म्हणजे पथकाने उमेदवाराच्या खर्चाची स्वतः ठेवलेल्या वहीत, चढवायची. उमेदवाराचा हिशेब त्या वहीशी जुळला नाही की त्याला नोटीस जायची. दिवसभर सायकलवरून प्रचार करणाऱ्या एका अपक्षाच्या हँडबिलांचा खर्चसुद्धा आम्ही सोडला नव्हता.

त्याच आठवड्यात एका पक्षाची मोठी सभा झाली. मैदानभर मंडप, भलेमोठे पडदे, नेते हेलिकॉप्टरने आलेले. पण फलकावर उमेदवाराचे नाव नाही, भाषणात उल्लेख नाही आणि तो स्वतः तिकडे फिरकलाही नाही. त्यामुळे खर्च पक्षाच्या खात्यावर गेला. उमेदवाराच्या पानावर त्या दिवशी एक रुपयाही चढला नाही. नियमाप्रमाणे ते बरोबरच होते, आणि मला आजही सलते ते हेच.

मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला 95 लाख आणि विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाख रुपयांची मर्यादा आहे. पक्षाला कसलीच नाही. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंवरलाल गुप्ता खटल्यात पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच हिशेबात धरायला सांगितले होते. त्याच वर्षी वटहुकूम काढून तो निकाल निष्प्रभ करण्यात आला. 2003 मध्ये कायदा थोडा आवळला, तरी पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आणि स्टार प्रचारकांचा प्रवास बाहेरच राहिला.

15 फेब्रुवारी 2024 रोजी निवडणूक रोखे, म्हणजे पक्षांना नाव जाहीर न करता देणगी देण्याची सोय, घटनाबाह्य ठरले, याचा मला मनापासून आनंद झाला. पण त्या निकालाचा संबंध पैसा येतो कुठून याच्याशी होता. तो प्रचारात किती ओतायचा, याला आजही धरबंध नाही. ज्याच्यामागे श्रीमंत पक्ष नाही त्याने 40 लाखांच्या आत बसायचे आणि समोरच्याच्या पाठीशी अमर्याद तिजोरी असायची, ही लढत बरोबरीची कशी म्हणायची?

ब्रिटनमध्ये पक्ष किती मतदारसंघ लढवतो त्यावर त्याच्या खर्चाची मर्यादा ठरते. आपल्याकडेही तसे करता येईल. दुसरे म्हणजे वेळ. उमेदवाराची वही प्रचार चालू असतानाच तपासली जाते. पक्षाचा हिशेब मात्र विधानसभा निवडणुकीनंतर 75 आणि लोकसभेनंतर 90 दिवसांत आला तरी चालतो. तोवर बहुधा नवे सरकार कामाला लागलेले असते. पक्षांचा खर्चही प्रचारकाळातच, दर आठवड्याला, जिल्हावार जाहीर व्हावा. मैदानात खुर्च्या मोजणारी माणसे तर आधीच नेमलेली आहेत.

– एक निवृत्त लेखा कर्मचारी