हेड फेस करायचं नाही

अबिंग्डन (इंग्लंड),
१४ मार्च

प्रिय सतीश,

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, फेस करून (खालून तासून) कॉम्प्रेशन, म्हणजे आतला वायू किती पट दाबला जातो ते, साडेदहापर्यंत न्यावं, असं तू लिहिलंस. त्यावर बराच विचार केला. माझं उत्तर नाही असंच आहे.

गाडी १९६७ची एमजीबी स्पोर्ट्स कार, याच गावात बनलेली. म्हणूनच तिच्यात मन गुंतलंय. इंजिन १७९८ सीसीचं. कारखान्यातून ते ८.८ कॉम्प्रेशनने निघायचं, हलक्या पेट्रोलसाठी ८चंही मिळायचं.

इंजिन खोलण्याआधी सिलिंडरातला दाब मोजणारं गेज लावलं होतं. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. तिसरा सिलिंडर फारच मागे. त्यात चमचाभर ऑइल सोडलं आणि काटा चढला. म्हणजे गळती पिस्टनच्या रिंगांतून. व्हॉल्व्ह गळत असते तर ऑइलने फारसा फरक पडला नसता. म्हणून सिलिंडर बोर करून ४० साइजचे, म्हणजे इंचाच्या ४० हजारांशांनी मोठे, पिस्टन घेतले.

आता हिशेब बघ. बोर (सिलिंडरचा व्यास) ८०.२६ मिमीवरून ८१.२८ झाला, स्ट्रोक (पिस्टनची धाव) तोच ८८.९. एका सिलिंडरचे ४५० सीसी होते, ते ४६१ झाले. पिस्टन टोकाला पोचल्यावर वर उरणारी मोकळी जागा ५८ सीसीच्या आसपास राहिली, तर हेडला हात न लावताही कॉम्प्रेशन ९ होतं!

पण ती जागा मोजल्याशिवाय सगळा अंदाजच. हेड उलटं ठेवायचं, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवायचे, कडेला ग्रीस लावून वर छिद्र पाडलेली ॲक्रिलिकची चकती दाबायची आणि ब्युरेटने रॉकेल भरायचं. हेडमधले चारही चेंबर (पेट्रोल जळतं ते खळगे) सारखे निघत नाहीत. जो लहान असेल तो घासून मोठ्याच्या बरोबरीला आणायचा. हे काम मला फार आवडतं, घाई करावीशी वाटत नाही. मोकळ्या जागेच्या हिशेबात पिस्टनची वाटी, गॅस्केटची जाडी आणि पिस्टन डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागाच्या) किती खाली थांबतो, हेही धरायचं.

हेड जास्त उतरवलं की रॉकरला ढकलणारे पुशरॉड लांब पडतात, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या त्या रॉकरचा कोन बिघडतो. शिवाय लोखंडी हेड आणि ९५ ऑक्टेन पेट्रोल. इतक्या कॉम्प्रेशनला चढावर नॉकिंग (पेट्रोल आपोआप पेटून बसणारे ठोके) होणारच. रेसचा कॅम (व्हॉल्व्ह कधी उघडायचे-मिटायचे ते ठरवणारा दांडा) असता तर गोष्ट वेगळी. त्याचा इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो, दाब थोडा निसटतो, तिथे जादा कॉम्प्रेशन खपतं. माझा कॅम मूळचाच आहे.

डेकचं माप रविवारी घेऊन कळवतो. तोवर तुझ्या मशीन शॉपमध्ये विचारून ठेव: ४० साइजला रिंग गॅप (रिंगच्या दोन टोकांमधली फट) ते किती ठेवतात?

काकूंना नमस्कार.

तुझा,
विनय