ताई, त्या वहीबद्दल आभार

प्रिय ताई,

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. दुसऱ्याचं घर लावून द्यायचं आणि मग तिथे दोन-चार रात्रींसाठी येणाऱ्या पाहुण्यांचं सगळं बघायचं, हे काम करणारे आता बरेच आहेत. त्यातल्या कितीतरी जणांना नक्की कशाचे पैसे मागायचे हे सांगणारं कुणी भेटलेलं नसतं. मला तुम्ही भेटलात.

तेव्हा मी ओळखीतल्या एकांचं घर सांभाळत होते. ते घर मीच लावलं होतं. भिंतीच्या रंगापासून उशांच्या अभ्र्यांपर्यंत सगळं माझ्या हातचं. मालकांनी सुरुवातीला एक रक्कम दिली आणि "पुढचं बघू" म्हणाले. ते पुढचं आठ महिने चाललं. कॅलेंडर भरलेलं, रिव्ह्यू उत्तम, आणि माझ्या हातात दर महिन्याला वेगळाच आकडा, तोही दोनदा आठवण केल्यावर. यातलं काही सांगायला मी तुमच्याकडे आले नव्हते. मी आले होते पडद्याच्या कापडाचे तुकडे दाखवायला. तुम्ही ते हातात घेतलेत, बाजूला ठेवलेत आणि विचारलंत, "महिन्याला किती तास जातात तुझे?"

मला सांगता आलं नाही. तुम्ही कपाटातून एक अर्धी कोरी वही काढून दिलीत. फोन हातात घेतला की वेळ लिहायची, खाली ठेवला की लिहायची, पंधरा दिवस, एवढंच सांगितलंत.

ती पानं मी अजून उघडून बघते. "रात्री 11.40, कुलूप उघडत नाही, 35 मिनिटं." "सकाळी 7.10, गरम पाणी येत नाही, बटण कुठे आहे ते सांगितलं, 6 मिनिटं." "सफाईच्या मावशी आल्या नाहीत, चादरी स्वतः बदलल्या, 2 तास 20 मिनिटं." "मालकांचे नातेवाईक राहून गेले, बुकिंग नाही, सफाई मात्र पूर्ण." पंधरा दिवसांचे 41 तास झाले. तुम्ही वही वाचता वाचता प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने एकेक अक्षर घालत गेलात: सजावटीचा "स", यजमानीचा "य". पानं संपली तेव्हा "स" फक्त तीन ठिकाणी होता. आठ महिन्यांपूर्वी मिळालेली ती रक्कम "स"ची होती, ताई. "य" मी फुकट करत होते.

ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला त्या पेन्सिलीने कळलं. सजावट एकदा होते, म्हणून तिचे पैसे ठरलेले आणि टप्प्याने. यजमानी रोजची, म्हणून तिचे पैसे प्रत्येक बुकिंगमागे. एकात दुसरं मिसळलं की मालकाला दोन्ही स्वस्त वाटतात आणि आपल्याला दोन्ही जड होतात.

हा गोंधळ का होतो, तेही तुम्ही समजावलंत. 2007 साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रायन चेस्की आणि जो गेबिया यांनी स्वतः राहत होते त्याच घरात हवेच्या गाद्या टाकून तीन पाहुणे ठेवले, त्यातून पुढे एअरबीएनबी, म्हणजे थोड्या दिवसांसाठी घर पाहुण्यांना देण्याचं बुकिंग घेणारी कंपनी, उभी राहिली. तिथे यजमान म्हणजे घरातच राहणारा माणूस. दार उघडायला वेगळे पैसे कोण मागणार? पुढे मालक एकीकडे आणि घर दुसरीकडे अशी घरं वाढली. दार उघडणारा माणूस वेगळा झाला, पण त्याचा मोबदला बराच काळ आपापसातल्या बोलण्यावरच राहिला. ऑक्टोबर 2024 मध्ये त्याच कंपनीने मालकांना को-होस्ट, म्हणजे त्यांच्या वतीने पाहुण्यांचं बघणारा सह-यजमान, शोधून देणारी स्वतंत्र सोय सुरू केली. माझ्यासारख्या कामाला एक नाव आहे, हे मालकांना पटवून देणं त्यानंतर मला खूप सोपं गेलं.

टक्केवारीचा धडा मी जन्मभर विसरणार नाही. मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, "वीस टक्के मागते." तुम्ही विचारलंत, "कशाचे?" मग कागदावर शंभर लिहिलेत. पाहुण्याकडून आलेले शंभर, त्यात सफाईचे वीस. सफाईचे पैसे सफाई करणाऱ्याचे, ते मालकाचं उत्पन्न नाही आणि माझंही नाही. म्हणजे माझे वीस टक्के ऐंशीवर, हातात सोळा. आणि शंभरावरच हवे असतील तर तसं आधी लिहून घ्यायचं. प्लॅटफॉर्मचं, म्हणजे एअरबीएनबीसारख्या बुकिंग घेणाऱ्या कंपनीचं, शुल्क कापण्याआधीच्या रकमेवर की नंतरच्या? पाहुण्याने बुकिंग रद्द केलं आणि मालकाला काही पैसे राहिले, तर त्यात माझा वाटा आहे का? पाहुण्याला पैसे परत द्यावे लागले, तर माझेही कापायचे का? मालक स्वतः येऊन राहिले, तर धुलाई-सफाईची ठरलेली रक्कम कोण देणार? हे प्रश्न तुम्ही एका दमात विचारलेत, आणि माझ्याकडे एकाचंही उत्तर नव्हतं. आज माझ्या करारात यातल्या प्रत्येकाला एकेक ओळ आहे. जिथे सोय आहे तिथे मी माझा वाटा थेट प्लॅटफॉर्मवरूनच वळवून घेते. पाहुण्याच्या चेक-इनच्या वेळेनंतर साधारण 24 तासांनी पैसे सुटतात, आणि मला कुणाला आठवण करावी लागत नाही. महिनाअखेरीचा तो घशाशी येणारा फोन बंद झाला, याचं मोल मला आकड्यात सांगता येणार नाही.

सजावटीच्या पैशाबद्दल तुमचा नियम कडक होता. आराखडा सुरू होण्याआधी पहिला हप्ता, खरेदीआधी दुसरा आणि फोटो काढण्याआधी शेवटचा. एकदा फोटो लागले आणि पहिलं बुकिंग आलं की मालकाची घाई संपते, हे मी स्वतः भोगलं होतं. खरेदी मालकाच्या पैशाने, बिल मालकाच्या नावावर, दुकानदाराने दिलेली सूट मालकाला दाखवायची. मी आधी माझ्या खिशातून गाद्या घेतल्या होत्या, हे ऐकून तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त चष्मा काढून ठेवलात. आता किरकोळ दुरुस्तीसाठी मालकाकडून एक ठेव घेऊन ठेवते. नळ गळला तर परवानगीची वाट न बघता प्लंबर बोलावता येतो, आणि महिनाअखेरीला पावत्यांसकट हिशेब जातो.

पण पैशाच्या धड्यांपेक्षाही ज्यासाठी मी तुमची मनापासून ऋणी आहे ती गोष्ट वेगळीच. तुम्ही म्हणालात, "घर मालकाच्या हवाली करण्याआधी एक रात्र तिथे झोप. बॅग घेऊन जा, रिकाम्या हाताने नको." मला वाटलं होतं, घर तर मला पाठ आहे. त्या रात्री बॅग उघडून जमिनीवर ठेवली आणि न्हाणीघराचं दार उघडेना. दिवा मालवल्यावर पडद्यांच्या मधल्या फटीतून रस्त्यावरच्या दिव्याची एक पट्टी नेमकी उशीवर पडली. चष्मा ठेवायला पलंगाशेजारी जागा नव्हती, तो मी जमिनीवर ठेवला आणि पहाटे त्यावर पाय पडता पडता राहिला. फोन चार्जिंगला लावला तो पलंगापासून चार पावलांवर. अंघोळीनंतर ओला टॉवेल हातात धरून मी उभी होते आणि भिंतीवर एक खुंटी नव्हती. किती सुंदर दिसत होतं ते न्हाणीघर फोटोत! दुसऱ्या दिवशी बॅगेसाठी बाक, पडद्याला जास्तीचा घोळ, दोन्ही उशांशी प्लग आणि दोन खुंट्या बसवल्या. त्या घरातून असल्या बारीकसारीक तक्रारींचे फोन मग जवळपास आलेच नाहीत. सजावट चांगली झाली की यजमानीचे तास कमी होतात, हे त्या वहीतच पुढे दिसतं.

चादरींचे तीन संच तुम्हीच सांगितलेत: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. नुकसान झालं तर पुढचा पाहुणा यायच्या आधी फोटो काढायचे आणि चेक-आउटपासून 14 दिवसांच्या आत एअरबीएनबीकडे भरपाईची मागणी नोंदवायची, हेही. परवान्याचे नियम जागोजागी वेगळे, पण परवाना कुणाच्याही नावावर असो, त्याची मुदत आपल्या वहीत लिहिलेली हवी, हा तुमचा आग्रह. आणि करार मोडायचा झाला तर किती दिवस आधी सांगायचं, तोवर घेतलेल्या बुकिंगांचं काय, फोटो कुणाचे, हे पहिल्याच दिवशी लिहायचं. माझ्या पहिल्या मालकांनी पुढे घर स्वतः चालवायचं ठरवलं तेव्हा मी काढलेले फोटो, मी लिहिलेलं वर्णन, सगळं तिथेच राहिलं. त्या दिवशी खूप रडले. तुम्ही समजूत घातली नाहीत. कागद-पेन पुढे केलंत आणि पुढच्या कराराचं कलम माझ्याकडून लिहून घेतलंत. मला तेव्हा तेच हवं होतं.

सध्या माझ्याकडे सहा घरं आहेत. सफाईच्या मावशींना ठरलेल्या तारखेला पैसे जातात, बुकिंग असो वा नसो. हेही तुमच्याकडूनच उचललं. गेल्या महिन्यात एक मुलगी पडद्यांचे रंग विचारायला आली होती. तिला मी आधी तास विचारले. तिला सांगता आले नाहीत, तेव्हा तिच्यासाठी नवी वही आणली.

तुमची वही मात्र माझ्याकडेच राहिली आहे, ताई. मागच्या पानांवर तुमचे स्वतःचे जुने हिशेब आहेत, ते तुम्हाला लागत असतील. रविवारी घेऊन येते. तुम्ही घरी आहात ना?

तुमची,
पडद्याचे तुकडे घेऊन आलेली