मोटर जळण्यात केबलचाही हात

महोदय,

पूर ओसरला की पंचगंगा-भोगावतीच्या काठावर उपशाच्या मोटरी पुन्हा बसतात आणि पाठोपाठ त्या जळायलाही लागतात. खापर फुटते ते कमी व्होल्टेजवर. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे.

‘व्होल्टेज कमी तर करंटही कमी, मग मोटर तापेल कशी?’ असे हमखास विचारले जाते. जॉर्ज ओमने १८२७ मध्ये मांडलेला नियम तारेपुरता खरा: तापमान तेच राहिले तर करंट व्होल्टेजच्या प्रमाणात बदलतो. चालती मोटर म्हणजे नुसती तार नव्हे. पाणी तेवढेच चढवायचे असते, म्हणून व्होल्टेज घटले की ती करंट जास्त ओढते. ५ एचपीची थ्री फेज (तीन तारांतून वीज घेणारी) मोटर ४१५ व्होल्टला साधारण ७.५ अँपिअर घेते, ३५० ला जवळपास ९. वायंडिंगची (मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्याची) उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे चाळीसेक टक्के जादा.

ओमचा नियम बिनचूक लागू पडतो तो केबलला, आणि तिकडे कुणी बघत नाही. स्टार्टरची (मोटर चालू-बंद करण्याची) पेटी पुराच्या भीतीने उंचावर, मोटर नदीत, मध्ये ३०० मीटर केबल. तांब्याच्या अडीच स्क्वेअर एमएमच्या एका तारेचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, एवढ्या अंतरात सुमारे २.२ ओम भरतो. ७.५ अँपिअरला दोन फेजमधले जवळजवळ २४ व्होल्ट वाटेतच जातात, शिवाय ३७० वॅट केबल तापवण्यात. सहा स्क्वेअर एमएमची केबल टाकली तर घट दहा व्होल्टवर येते. ॲल्युमिनियमचा रोध त्याच जाडीत तांब्याच्या १.६ पट. सुरू होताना तर मोटर सहापट करंट मागते. बारीक केबलवर ती नुसती गुरगुरते, ती यामुळेच.

मोटर बंद ठेवून मीटर लावाल तर सगळे ठीकच दिसेल, कारण करंट नाही तर घटही नाही. मोटर भरल्या पाण्यावर चालू असताना वायरमनकडून आधी स्टार्टरवर आणि मग मोटरच्या टोकाला तिन्ही फेजमधले व्होल्टेज मोजून घ्या. फरक १२ च्या वर गेला तर केबल बारीक आहे किंवा जोड सैल. दरवर्षी मोटर काढताना केबल तोडायची आणि पिळून टेप गुंडाळायची, हे जोड सगळ्यांत घातक. अशा जोडाचा रोध अर्धा ओम झाला तरी ७.५ अँपिअरला तिथे २८ वॅट उष्णता, सोल्डरिंगच्या छोट्या इस्त्रीएवढी. तांबे-ॲल्युमिनियम जोडाला बायमेटल लग (दोन्ही धातूंचा जोडतुकडा) दाबूनच लावावा. एक जोड जळून फेज तुटला की उरलेल्या दोन फेजांत करंट पावणेदोन पटीच्या आसपास जातो.

अशा वेळी ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारे उपकरण) वाचवतो, पण ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून त्याचा काटा दहा अँपिअरवर नेलेला असतो! तो मोटरच्या पाटीवरच्या करंटच्या आकड्यावर ठेवावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर आधी कमी व्होल्टेजवर सुरू करून मग पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या) रिले वायंडिंगच्या वाटेत असेल, तर त्या आकड्याच्या ०.५८ पट, म्हणजे या मोटरला ४.३५ अँपिअरवर.

– एक विद्युत अभियंता, कोल्हापूर