टाकी भरली पण तारीख आली नव्हती

काउंटी कॉर्क, आयर्लंड
१८ जानेवारी

ती. आण्णांना आणि आईला नमस्कार,

आण्णा, परवा फोनवर तुम्ही हसलात, म्हणालात रानात शेण टाकायला कसला आलाय कायदा, आणि तेवढ्यात रेंज गेली. म्हटलं निवांत लिहूनच टाकू.

मी कामाला आहे त्या डेअरीवर नोव्हेंबरपासून गाई शेडमध्येच असतात, रान इतकं ओलं की चरायला सोडल्या तर नुसता चिखल. शेडला सलग कोबा नाही, काँक्रीटच्या पट्ट्या आणि मधे फटी, शेण-मूत सगळं त्या फटींतून खालच्या टाकीत. म्हणजे उकिरडा पायाखालीच. आपल्या गोबरगॅसमधून स्लरी बाहेर पडते ना, तसलीच पातळ आणि इकडं पण स्लरीच म्हणतात, फक्त वास चौपट.

तर ही स्लरी १ ऑक्टोबर ते १२ जानेवारी रानात टाकायची नाही. थंडीत गवत वाढत नाही मग शेणातला नायट्रोजन खाणार कोण, पावसानं धुऊन तो ओढ्यात नाहीतर विहिरीत जातो. म्हणून आमच्या भागात १६ आठवडे पुरेल एवढी टाकी सक्तीची, उत्तरेला कॅव्हन-मोनाघन जिल्ह्यांकडं तर २२ आठवडे आणि बंदी पण ३१ जानेवारीपर्यंत.

आमची टाकी पुरायला पाहिजे होती. पण डिसेंबरात शेडची पन्हळ एका बाजूनं निखळली, कुणाच्या लक्षात आलं नाही (माझ्या पण नाही, खरं सांगतो), आणि पत्र्यावरचं सगळं पाणी टाकीत. नवीन वर्षात फटीतून बॅटरी मारून बघितली तर वर जेमतेम वीतभर जागा! मालक रोज सकाळी आधी फटीतून बघायचा मग मोबाइलवर तारीख. एकदाची १३ उजाडली तर हवामानखात्यानं जोराचा पाऊस सांगितला, आणि ४८ तासांत तसा पाऊस असला तर टाकायचं नाही हा दुसरा नियम. शेवटी शेजाऱ्याची अर्धी रिकामी टाकी मागून दोन दिवस काढले. मालक चिडून म्हणतो, डिसेंबरात आठवडाभर कोरडं होतं तेव्हा बंद आणि आता भिजतंय तेव्हा चालू. मला पण त्याचं पटतं, पण तारीख नसती तर टाकी भरली की भर पावसात पण सगळ्यांनी ओतलं असतं हेही खरंय.

१६ तारखेला उघडीप मिळाली. आधी स्लरी मशीननं ढवळावी लागते, तेव्हा विषारी गॅस सुटतो, माणसं मेलीत त्यानं, म्हणून गाई बाहेर, सगळी दारं सताड उघडी आणि पहिला अर्धा तास कुणी शेडकडं फिरकायचं नाही. आई, घाबरू नको, मी लांब असतो. टँकरच्या मागं नळ्यांची रांग असते, त्यातून स्लरी जमिनीलगत पट्ट्यापट्ट्यांनी पडते, वर उडवली की अमोनिया हवेत जातो. ओढ्यापासून एरवी ५ मीटर सोडायचं पण बंदी उठल्यावर पहिले दोन आठवडे १० मीटर. मी टेप लावून काठ्या रोवल्या, तुम्ही काकांबरोबर बांध मोजता तसंच, फक्त इथं भांडायला ओढा गप्प.

मालकाचं खरं दुखणं वेगळंच आहे. युरोपचा नियम असा की जनावरांच्या शेणमुतातला नायट्रोजन वर्षाला हेक्टरी १७० किलोच्या वर जाऊ द्यायचा नाही, आयर्लंडला खास सवलत म्हणून २५० होती. २०२४ पासून आमच्यासारख्या भागांत ती २२० केली. आमच्या गाई दुधाच्या हिशोबानं मधल्या गटातल्या, एकीमागं वर्षाला ९२ किलो धरतात. तुम्हीच हिशोब करा, १०० गाईंना आधी ३७ हेक्टर पुरायचं आता ४२ लागतं. म्हणजे १२ एकर जास्त, आणि सगळेच खंडानं जमीन शोधायला लागले की खंड चढणारच. नाहीतर गाई विका.

आपल्याकडं शेणाच्या एका ट्रॉलीसाठी तुम्ही सकाळी सकाळी गोठ्यागोठ्यावर फिरता आणि इकडं शेण जास्त झालं म्हणून माणसाची झोप उडते. पण उसाला युरियाची पोती टाकताना आपण एकरी किती गेलं ते कधी मोजलंय का हो? विहिरीत तेच उतरत असणार. तुम्ही रागवाल, पण विहिरीचं पाणी एकदा तपासून घ्याच.

पन्हळ आता बसवली, मीच शिडीवर चढलो होतो. गुरुवारी कोरडं असलं तर दुसरी खेप. म्हैस व्याली का आणि रेडी झाली का रेडा ते कळवा.

तुमचा,
बाळू