एका काळ्या पँटसाठी

डब्लिन,
रविवार, रात्री अकरा

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "पोरगं नाचतं म्हणतोस, मग अंगात घालतं काय?" तेवढ्यात तुझ्या शिंप्याच्या दुकानात गिऱ्हाईक आलं आणि बोलणं तिथंच राहिलं. त्याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतंच. शिवाय तुझ्याकडे एक काम आहे, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय.

सोहम आता नऊ वर्षांचा झाला. दोन वर्षं आयरिश नाच शिकतोय. इथे स्पर्धेला 'फेश' म्हणतात. शाळेचा हॉल नाहीतर एखाद्या हॉटेलातलं मोठं दालन, कोपऱ्यात अकॉर्डियन वाजवणारा, टेबलाशी परीक्षक, आणि नंबराचा पुठ्ठा कमरेला बांधून उभी असलेली मुलं. मुलींकडे पाहून डोळे दिपतात. कुरळ्या केसांचे टोप, खड्यांनी मढवलेले ताठ झगे. मुलांना मात्र काळी पँट, शर्ट, टाय आणि वर जाकीट. शिकाऊ मुलाला तर जाकीटही लागत नाही. वरच्या गटात गेलं की मग त्या जाकिटावर भरतकाम आणि खडे येतात.

सोहमला पहिल्या फेशला हे लागलं होतं. "मला काहीच चमकणारं का नाही?" असं विचारत होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मोठी मुलं नाचायला उभी राहिली. दिलीप, त्यांचं कमरेच्या वरचं शरीर हलतच नाही. हात सरळ खाली, मुठी मिटलेल्या, नजर समोर. जे काय व्हायचं ते पायांत. पावलं बाहेर वळलेली, गुडघ्यावर गुडघा चढलेला, आणि उंच उडीत टाच टाचेवर आपटते तो 'टक्' हॉलच्या टोकापर्यंत ऐकू येतो. तेव्हा मला त्या काळ्या पँटचं कारण कळलं: नजर पायांवरच राहावी. घरी येताना सोहमही त्या 'टक्'बद्दलच बोलत होता, चमक विसरून गेला होता.

तो आवाज बुटाचा. हलक्या नाचाला मुली चवड्यावर दोऱ्या बांधायचे मऊ, बिनटाचेचे जोडे घालतात. मुलांचा 'रील शू' वेगळा: काळं मऊ कातडं, पण टाच कडक. त्यामुळे रील या हलक्या नाचात मुलांना टाचा वाजवता येतात, मुलींना त्या जोड्यांत ते जमत नाही. हॉर्नपाइप आणि ट्रेबल जिग या जड नाचांना दोघांचेही जड बूट, चवड्याला आणि टाचेला फायबरग्लास. पूर्वी तिथे कातड्याचे थर आणि खिळे असत. सोहम ते जड बूट घालून स्वयंपाकघरातल्या फरशीवर सराव करतो, खालच्या मजल्यावरच्या बाईंची मी आधीच क्षमा मागून ठेवली आहे.

पण पँट ही नंतरची गोष्ट. क्लासला नातीला आणणारे एक आजोबा आहेत, त्यांनी मला आपला लहानपणचा फोटो दाखवला. किल्ट म्हणजे गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा घागरा, गुडघ्यापर्यंत मोजे, कोट-टाय, आणि खांद्यावरून मागे सोडलेलं उपरणं, ते एका गोल पिनेने अडकवलेलं. उपरण्याला 'ब्रात' म्हणतात. किल्ट बऱ्याचदा केशरी असे, पण आपला भगवा नव्हे, मोहरीच्या वाटणाकडे झुकणारा पिवळा. या रंगाला मोठा इतिहास आहे. जुन्या काळी आयरिश माणसं केशरात रंगवलेले सैल सदरे घालत, आणि इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या राज्यात १५३७ साली कायदा करून त्यांवर बंदी आणली गेली. पुढे १८९३ साली गेलिक लीग स्थापन झाली, भाषा आणि नाच परत उभे करायची चळवळ सुरू झाली, तेव्हा मुलांच्या अंगावर किल्ट आला. आकार स्कॉटलंडचा, रंग मात्र हट्टाने आपला ठेवला. राज्यकर्त्याने मोडायला पाहिलेला रंग नातवाच्या अंगावर घालायचा, ही भावना तुला-मला समजावून सांगावी लागत नाही.

मग ३० एप्रिल १९९४ रोजी डब्लिनला युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेच्या मध्यंतरात 'रिव्हरडान्स' झाला. सात मिनिटांचा आयरिश नाचाचा कार्यक्रम. मायकेल फ्लॅटली, शिकागोत वाढलेला जगज्जेता नर्तक, काळी पँट आणि सैल शर्ट घालून मंचावर आला. त्यानंतर मुलांना किल्ट नको झाला आणि काही वर्षांत पँट रूढ झाली. आजोबा म्हणाले, "शाळेत किल्टवरून चिडवायचे म्हणून माझ्या दोन मित्रांनी नाच सोडला." मला त्या दोघांसाठी आतून वाईट वाटलं. म्हणून मला ही पँट आवडते. पण गुडघा आणि पोटरी उघडी असल्याने किल्टमध्ये पायाचं काम स्वच्छ दिसायचं, तेवढं मात्र गेलं. चांगल्या कापाची पँटच ते थोडं भरून काढू शकते.

इथेच तुझं काम येतं. गेल्या महिन्यात सोहम शाळेच्या पँटवर फेशला उभा राहिला. परीक्षकांच्या कागदावर शेरा आला की पावलांचा क्रॉस दिसत नाही. खरंच दिसत नव्हता, पँटची मोहरी (खालचा घेर) रुंद होती आणि टाच कापडात बुडालेली. नंतर सरावात पाय नाकापर्यंत उडवताना आसनात शिवण उसवली. पोरगं रडलं नाही, पण त्या दिवशी पुन्हा पाय उंच गेला नाही. तयार पँट आणल्या त्या कमरेला बसतात तर मांडीला आवळतात.

अण्णांच्या हाताखाली शिकलेल्या माणसाने शिवलेली पँट त्याला मिळावी, असं मला फार वाटतं. कापड काळं, चकाकी नसलेलं, थोडं ताणलं जाणारं. आसनात दुहेरी शिवण घाल. मोहरी निमुळती, आणि लांबी अशी की समोर बुटाला टेकेल पण मागे टाच मोकळी राहील. पोरगं झपाट्याने वाढतंय, तेव्हा खाली दोन इंच आणि कमरेला एक इंच माया ठेव.

मापं: कंबर २२॥, सीट २७, मांडी १६, मोहरी १२, लांबी ३१. सगळी इंचांत, बूट घालून घेतलेली. जाकिटाची पुढच्या पत्रात पाठवतो. मुंढा कसा मोजायचा ते मला तूच फोनवर सांग.

वहिनींना नमस्कार, अण्णांच्या फोटोला माझ्या वतीने हार घाल.

तुझा,
प्रकाश