टल्साच्या मेळ्यात शेजारचं टेबल लावणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सा. न.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही लगेच हवापाण्यावर घसरता. म्हणून हे सगळ्यांसमोरच लिहिते, म्हणजे मधे बोलता यायचं नाही.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात एक्स्पो स्क्वेअरला वर्षातून दोनदा, एप्रिल आणि नोव्हेंबरमध्ये, बंदुका आणि चाकूंचा मोठा मेळा भरतो. बाहेर तेलविहिरीवरच्या कामगाराचा 75 फुटी पिवळा पुतळा, आत एकाच छपराखाली 4,000 हून जास्त टेबलं. एवढ्या पसाऱ्यात कट्यारी आणि अडकित्ते मांडून बसलेल्या बाईपाशी कोण थांबणार, असं आमच्या घरात सगळ्यांचंच मत होतं. तुम्ही मात्र तुमच्या शेजारचं टेबल माझ्या नावावर करून मोकळे झालात.

तुमच्यापाशी लोक का थांबतात, हे मी पहिल्या तासातच पाहिलं. ‘केस’ (Case) या अमेरिकी कंपनीचे खिशात ठेवायचे चाकू इतरांकडेही ढिगाने होते. पण तुमच्या प्रत्येक चाकूपुढच्या चिठ्ठीवर, काय बघायचं ते एका ओळीत लिहिलेलं. ‘नावाखालचे ठिपके मोजा. 1970 मध्ये दहा होते, पुढे दरवर्षी एक कमी.’ झालं! दहा वर्षांचं पोर भिंग मागून घेतं, पात्याच्या बुडाशी डोळा लावतं आणि आपला चाकू 1974 चा आहे हे स्वतः शोधून काढतं. मग त्याचा बाप खुर्ची ओढून बसतो.

माझ्या चिठ्ठ्या तुम्ही चष्मा कपाळावर चढवून वाचल्यात आणि बाजूला ठेवल्यात. ‘कट्यार, दक्षिण भारत’ एवढ्यावर कोणी थांबत नाही, म्हणालात. त्या कट्यारीचं पातं युरोपातल्या तलवारीचं, तोडून इकडच्या मुठीला बसवलेलं. त्या काळी असं सर्रास होत असे. तुम्ही लिहिलंत: ‘पातं युरोपचं, मूठ हिंदुस्थानची. जोड शोधा.’ दिवसभर माणसं जोड शोधत होती.

आणि ती लाकडी मूठ! कट्यार धरायची कशी, हेच इथल्यांना उमगत नाही. दोन उभ्या दांड्या, मधे आडवी पकड आणि पातं हाताच्या सरळ रेषेत पुढे, म्हणजे भोसकताना सगळा जोर मनगटातून थेट टोकाला जातो. हे मी तोंडाने सांगून सांगून थकले असते. तुम्ही गॅरेजमध्ये पाइनच्या फळीतून बिनपात्याची मूठ कोरून आणलीत आणि ‘हिला हात लावा’ अशी पाटी ठोकलीत. बाकी कशालाच हात लावायचा नव्हता, त्यामुळे सगळ्यांचे हात तिच्यावर. धिप्पाड माणसं तीत पंजा घालायला बघत होती, जेमतेम तीन बोटं जायची. जुन्या मुठी लहानच असतात.

अडकित्त्याला बहुतेकांनी सिगारचा कटर म्हटलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही काकूंच्या देवघरातल्या पूजेच्या सुपाऱ्या खिशात घालून आलात आणि टेबलावर कातरायलाच बसलात. त्या कटकट आवाजाने पलीकडच्या रांगेतले बंदूकवाले उठून आले. (मराठी मंडळी आली की पहिला प्रश्न ठरलेला, ‘वाघनखं नाहीत?’ बाजारात मिळतात ती बहुतेक नकलीच, म्हणून मी ठेवत नाही. हे उत्तरही पुढे तुम्हीच परस्पर देऊ लागलात.)

कोणी दबक्या आवाजात ‘हे भारतातून कसं आणलंत?’ विचारलं, तेव्हा तुम्ही मला कोपरानं डिवचलंत: कागद दाखव. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू खासगी माणसाला भारताबाहेर नेता येत नाहीत, 1972 चा कायदा आहे. माझ्या जुन्या वस्तू इथल्याच लिलावांत घेतलेल्या. त्या पावत्या काचेखाली लावायला तुम्हीच सांगितलं होतंत. त्यानंतर प्रश्नांचा सूर बदलला.

संध्याकाळी आवरताना शिकवलंत ते तर मला कोणीच सांगितलं नव्हतं. लोखंडाला बोट लागलं की घामाचा डाग धरतो, तेव्हा लगेच पुसून तेलाचा हलका हात. चामड्याच्या म्यानात पातं कायमचं ठेवायचं नाही, पितळेला हिरवं चढतं. आणि सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकच्या, मुठीचा जुना वस्तरा वेगळ्या डब्यात, कारण ती मूठ कुजायला लागली की तिच्या वाफेनं शेजारचं पोलाद गंजतं. माझ्या वस्तऱ्याला त्याच रात्री बिस्किटांचा डबा मिळाला.

आता नोव्हेंबरचं. टेबल पुन्हा शेजारीच घेऊ. लाकडी मूठ माझ्याकडे आहे, एक दांडी जरा हलते. बिचव्याचीही तशीच एक कराल का? माप पाठवते. काकूंना म्हणावं, सुपाऱ्या या वेळी मी आणीन.

तुमची,
शेजारच्या टेबलावरची